जर्नेलची शिकवणी

१९ ऑगस्ट १९६३

आज बीडीओसाहेबांची पॅन्ट फाटली. फाडली आमच्या जर्नेलने.

साहेब जपानी पद्धतीची भातलावणी बघायला आले होते. गावात दोरी लावून ओळीत लावलेलं भात फक्त माझं आहे. तेही रस्त्याकडेचं एकच खाचर, आतली सगळी नेहमीसारखीच, पण साहेब लोक आत शिरत नाहीत. बांध उतरून ते ओसरीपर्यंत आले, मी हार घेऊन पुढे झालो, आणि माझ्याआधी जर्नेल पुढे झाला. मी ओरडलो, काठी आपटली. शेवटी आमचा गडी चिंधू गोठ्यातून धावत आला आणि त्याने कुत्र्याला मानगुटीला धरून लांब नेलं. साहेब माझं धोतर नेसून जीपमध्ये बसले. हार माझ्या हातातच राहिला.

एरवी मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण हिवाळ्यात पंचायतीची निवडणूक आहे आणि सरपंच मी व्हायचं हे मी ठरवून ठेवलं आहे. भाताची गिरणी माझी, पाण्याचं इंजिन माझं, गावात पहिला रेडिओ माझा. भिवाजीलाही सरपंच व्हायचं आहे म्हणे. त्याच्याजवळ काय आहे? नुसती माणसं.

तो समोर पिंपळाखाली उभा राहून सगळं बघत होता. संध्याकाळी देवळात म्हणाला म्हणे, "ज्याला कुत्रं आवरंना, त्यो गाव काय आवरनार?"

जेवण गेलं नाही.

२१ ऑगस्ट

पौडच्या बाजारात जाऊन नबीलालला गाठलं. तो शेळ्या-कोंबड्यांचा व्यापार करतो आणि जर्नेल मला त्यानेच आणून दिला. कुत्र्याची आई खडकीच्या एका मेजरच्या बंगल्यावरची अस्सल अल्सेशियन. बाप कोण, ते मेजरलाही शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे जर्नेलचा एक कान विलायती उभा राहतो आणि दुसरा आमच्या मुळशीकडचा आहे. पण छाती, शेपूट आणि खाणं अगदी मिलिटरी.

मी म्हणालो, कुत्रा परत घे. नबीलालने बोकडाचे दात बघता बघता नकार दिला. म्हणाला, "कुत्रं लई हुशार हाय, जयसिंगराव. पर मोटा मानूस कोन अन् बारका कोन, ह्ये त्याला आजून कुनी शिकवलंच न्हाई. त्याचा काय गुना?"

खरं आहे. माणसाच्या पोराला हे आपण चालायला लागल्यापासून शिकवतो. कुत्र्याला मात्र त्याच्या अकलेवर सोडून देतो आणि मग पॅन्टा फाटतात. परतताना चांद्याच्या ओढ्यापर्यंत येईतो माझ्या डोक्यात सगळी योजना तयार झाली होती.

२४ ऑगस्ट

शिकवणी सुरू.

पद्धत अशी. मोठ्या माणसाची खूण म्हणजे पांढरी, कडक इस्त्रीची टोपी. चिंधूने माझी टोपी घालायची, माझं जुनं जाकीट चढवायचं आणि फाटकातून यायचं. मी ओसरीवरून उठायचं, पुढे जायचं आणि म्हणायचं, "या साहेब, बसा." चिंधूने खुर्चीत बसायचं आणि जर्नेलला मटणाचा तुकडा द्यायचा. साहेब बसलेले असताना मी उभं राहायचं आणि मध्ये बोलायचं नाही. ही शिस्त महत्त्वाची. जनावर मालकाकडे बघून शिकतं. मालक ज्याच्यापुढे वाकतो, त्याला ते चावत नाही.

चिंधू वरच्या वाडीचा. त्याचा बापही आमच्याकडेच होता. खुर्ची बघून तो मागे सरकला. म्हणाला, "मालक, मी उबाच बरा हाय. खुर्चीला शेन लागंल."

मी त्याला समजावलं की हे तुझ्यासाठी नाही, कुत्र्यासाठी आहे. तेव्हा तो आढ्यावरच्या कोंबडीसारखा खुर्चीच्या काठावर टेकला. जर्नेलने मटण खाल्लं आणि त्याच्या पायाशी पडून राहिला. पहिल्याच दिवशी! माझ्या हातात ही कला आहे, हे मला आधी का कळलं नाही याचंच नवल वाटतं.

बायको, सगुणा, दारातून बघत होती. तिने विचारलं की शिकवणी नक्की कुणाची आहे तेवढं सांगा, म्हणजे दुपारची भाकरी कुणाला वाढीव टाकायची ते कळेल. तिला या गोष्टीतलं काही कळत नाही.

२७ ऑगस्ट

चहाची अडचण निघाली. चिंधूचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असतो. पण साहेब लोक काही कोनाड्यातल्या कपात चहा घेत नाहीत, आणि कुत्रं सगळं बघत असतं. तेव्हा घरातल्या कपबशीत द्यावा लागला. नंतर तो कप आत घ्यायचा की कोनाड्यात ठेवायचा, यावर माझा बराच वेळ विचार चालला होता. तोवर सगुणाने विसळून आत ठेवलाही.

३१ ऑगस्ट

नुसता मान शिकवून भागणार नाही, अपमानही शिकवला पाहिजे. म्हणजे टोपीवाला आला की शेपूट हलवायची आणि घोंगडीवाला आला की भुंकायचं. नाहीतर कुत्रं सगळ्यांनाच शेपूट हलवत सुटेल, आणि मग ते कुत्रं कसलं?

घोंगडीवाला म्हणून वाडीचा कोंडीबा ठरवला. म्हातारा आहे, पण काटक. त्याने रोज सकाळी घोंगडी पांघरून फाटकाशी यायचं, मी "छू" म्हणायचं. बदल्यात गिरणीतल्या कण्या. त्याने एकच विचारलं, कुत्रा धरून ठेवणार की सोडणार. मी म्हणालो, सोडल्याशिवाय शिकणार कसा? त्याने जांभळीच्या झाडाकडे एकदा बघून घेतलं आणि कबूल झाला.

३ सप्टेंबर

उत्तम प्रगती. कोंडीबा सकाळभर जांभळीवर होता.

८ सप्टेंबर

आज जर्नेल कोंडीबाकडे बघून भुंकला नाही. त्याच्या घोंगडीत डोकं खुपसून उभा राहिला. घोंगडीला बोंबलांचा वास येत होता. कोंडीबा म्हणाला, वाडीवर सगळ्यांच्याच घोंगड्यांना येतो.

मी रागावलो. त्यावर तो म्हणाला, "मालक, आता त्याला माजी वळख पटली. वळखीच्या मानसाला कसा चावंल? रोज नवा मानूस लागंल बगा."

बोलण्यात तथ्य होतं. रोज एक नवा माणूस आणायला सांगितलं, ज्याच्या त्याच्या कण्या ज्याच्या त्याच्या पदरात. वाडीत माणसं रगड आहेत.

१६ सप्टेंबर

रोज नवा माणूस येतो आहे. परवापासून बायकाही येतात. कुत्रा भुंकतो, मग चिंधू खुर्चीतूनच "जर्नेल, बस" म्हणतो आणि कुत्रा बसतो. मी "बस" म्हटलं तर बसत नाही. पण मला टोपी घालून खुर्चीत बसता येत नाही, कारण मी उभा राहून मान द्यायचा असतो. दोन्ही कामं एकाच माणसाला जमत नाहीत.

वाडीची माणसं कण्या बांधून घेतल्यावर लगेच जात नाहीत. अंगणात उकिडवी बसून बघत राहतात. मी चिंधूला "या साहेब" म्हणतो, चहा देतो, उभा राहतो. सुरुवातीला ती हसायची. आता हसत नाहीत.

चिंधूची आता खुर्चीत पाठ टेकते. पण तोंड उघडलं की गडी दिसतो, आणि कुत्र्याचा कान तिखट. म्हणून आज त्याला बोलणंही शिकवलं. मोठा माणूस जास्त बोलत नाही. आधी मान हलवतो, मग "बघू" म्हणतो, फारच झालं तर "वर कळवतो." एवढ्यावर आपल्याकडे माणसं मंत्री झाली आहेत. चिंधूने दुपारभर गोठ्यात शेण काढता काढता घोकून पाठ केलं.

२२ सप्टेंबर

आज गंमत झाली. बाळाबाई म्हणून वाडीची एक बाई कण्या घ्यायला आली होती. ती चिंधूपुढेच उभी राहिली आणि म्हणाली, "वाडीच्या झऱ्यात म्हसरं बसत्यात. पानी शेनानं हिरवं झालंय. पोरं आजारी पडत्यात. कुनाला सांगायचं?"

चिंधूने मान हलवली. चहाचा घोट घेतला. म्हणाला, "बघू."

इतकं अस्सल की मलाच हसू आवरेना. बीडीओसाहेबांनी ऐकलं असतं तर त्यांना आपलाच आवाज वाटला असता. हा धडा जर्नेलइतकाच चिंधूनेही चांगला घेतला आहे. शिकवणारा चांगला असला की कुणीही शिकतं.

२९ सप्टेंबर

म्हशी हल्ली संध्याकाळी उशिरा परततात. चिंधू म्हणाला, वाडीचा झरा सोडून पलीकडच्या ओढ्यावर नेतो, तिथलं गवत बरं आहे. असेल. दूध वाढलंय, तेव्हा मी काही बोललो नाही.

बाळाबाईने चिंधूसाठी रानातली अळंबी आणून दिली. वाडीची माणसं भोळी. "बघू" म्हटल्यावर एवढं, तर काम झाल्यावर काय करतील?

६ ऑक्टोबर

वाईट बातमी. जर्नेलने घराण्याला बट्टा लावला.

कोंडीबाच्या घरी एक पिवळी कुत्री आहे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि गळ्यात बिबट्याच्या भीतीने घातलेला खिळ्यांचा पट्टा. शिकवणी संपली की जर्नेल वाडीवर पळतो आणि दुसऱ्या सकाळी येतो, हे मला आज कळलं. खडकीच्या बंगल्यावरचं रक्त, आणि पसंती ही! मी नेऱ्याच्या मेहुण्यांकडे चांगली लांब केसांची कुत्री बघून ठेवली होती. बोलणीही झाली होती. आता त्यांना काय तोंड दाखवायचं?

मी सगुणाला म्हणालो की एवढं शिकवूनही याला मोठ्या घरची कोण आणि बारक्या घरची कोण ते कळत नाही. ती म्हणाली, "टोपीचं शिकवलंत, कुत्रीचं कुटं शिकवलं हुतं?" मग खूप हसली. तिच्या हसण्याचं कारण कळलं नाही.

११ डिसेंबर

मधे लिहायला झालं नाही. भाताची कापणी, मळणी, मग गिरणीवर रांगा. शिकवणी मात्र एकही दिवस चुकवली नाही. मी गिरणीच्या भुशात माखलेला असलो तरी वेळ झाली की येतो, उभा राहतो, "या साहेब" म्हणतो आणि परत जातो. सवय झाली की कष्ट वाटत नाहीत.

कापणीच्या दिवसांतच पिवळ्या कुत्रीला पिल्लं झाली. पुष्कळ आहेत. प्रत्येकाचा एक कान उभा, त्यामुळे नाकारायची सोय नाही. मी चिंधूला स्पष्ट सांगितलं की ही पिल्लं माझ्या नावावर नकोत, मोठी झाली की तूच काय ती विल्हेवाट लाव. तो म्हणाला, "बघू."

हल्ली तो टोपी नसतानाही "बघू" म्हणतो. एकदा रागावलं पाहिजे.

५ जानेवारी १९६४

चिंधूने पिल्लांची विल्हेवाट लावली. वाडीत घराला एकेक देऊन टाकलं. गेल्या पावसाळ्यात बिबट्याने तिथल्या बऱ्याच शेळ्या नेल्या होत्या. आता प्रत्येक दारात जर्नेलचं पिल्लू, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. वाडीवरून जाताना सगळ्या दारांतून मिलिटरी आवाज येतो. बायका पिल्लांना "चिंधूचं" म्हणतात. वंश माझ्या कुत्र्याचा आणि नाव गड्याचं! पण मीच नाव नको म्हटलं होतं, तेव्हा तक्रार कुठे करणार?

भिवाजी घरोघर फिरतो आहे. मी फिरत नाही. ज्याला गरज असते ती माणसं गिरणीवर येतातच.

१२ जानेवारी

आज आबासाहेब येऊन गेले. तालुक्याचं सगळं त्यांच्या मुठीत. ते ज्याच्या पाठीवर हात ठेवतील तो सरपंच, हे पोरंटोरंही जाणतात. म्हणजे गेल्या श्रावणापासून मी केलेल्या मेहनतीची आज परीक्षा होती.

हातचं न राखता सगळं लिहितो.

आबासाहेब जीपमधून उतरले. डोक्यावर टोपी होती, पांढरी. चिंधू आपल्या वेळेप्रमाणे खुर्चीत होता. पाहुणे लवकर आल्यामुळे त्याला उठवायचं राहिलं. मी हार घेऊन पुढे झालो आणि पुन्हा माझ्याआधी जर्नेल झाला. त्याने आबासाहेबांचं धोतर पकडलं आणि सोडेना. मी "टोपी बघ, टोपी बघ" असं ओरडलो म्हणे. मला आठवत नाही. एवढ्यात चिंधू खुर्चीतून सावकाश म्हणाला, "जर्नेल, बस." जर्नेल बसला.

आता शांतपणे विचार केल्यावर माझ्या लक्षात येतं की चूक कुत्र्याची नव्हती. आबासाहेब पौडपासून उघड्या जीपमधून आले. टोपीवर लाल धुळीचा थर होता आणि कडकपणा गेला होता. जर्नेलला शिकवणी कडक टोपीची आहे.

धोतर सावरून झाल्यावर आबासाहेबांनी चिंधूकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, आमचा गडी.

"गडी? खुर्चीत?"

मी त्यांना सगळी पद्धत सांगितली. ते एवढे हसले की ठसका लागला. मग हसणं थांबलं आणि त्यांनी अंगणात बसलेल्या वाडीच्या माणसांकडे बघितलं. चिंधू कुठला, वाडीत मतं किती, लोक त्याला मानतात का, असं बरंच विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की वाडीचे लोक त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत, आणि तो माझ्याशिवाय. हे ऐकून ते खूश झाले. म्हणाले, "मग वाडीच्या जागेवर ह्यालाच उभा करा. तुमचा एक हात वाढंल."

केवढी दूरदृष्टी! पंचायतीत हात वर करून सरपंच निवडतात. भिवाजीचे तीन येतील हे उघड आहे. माझे तीन, आणि चौथा चिंधूचा. वाडीवर बाहेरचा माणूस उभा केला असता तर मनधरणी करावी लागली असती. हा तर घरचा. सांगू तिथे हात वर करील. माझं नाव सुचवायचं कामही त्यालाच देणार आहे. पाठ करून घेईन.

गेल्यावर सगुणा म्हणाली, "अन् त्याला काय पायजे, ह्ये इचारलं का?"

काय विचारायचं? त्याला खायला-प्यायला आहे.

२ फेब्रुवारी

निकाल लागला. चिंधूला वाडीची सगळीच्या सगळी मतं पडली. समोरच्या उमेदवाराला त्याचं स्वतःचंही पडलं नाही, त्याने रागाने चिंधूला दिलं. माझ्या जागेवर मीही निवडून आलो. काठावर, पण आलो. गिरणीवर रोज येणाऱ्यांनी असं का करावं, याचं वाईट वाटतं. भिवाजीचे तीनच आले.

चार विरुद्ध तीन. सभा आठवड्याने. सगुणाला म्हटलं, सरपंचाच्या बायकोने आता जोडवी नवी करावीत. ती म्हणाली, "आदी व्हा तर."

७ फेब्रुवारी

चिंधूचं वाक्य पक्कं झालं. "सरपंचपदासाठी मी जयसिंगरावांचं नाव सुचवतो." आज गोठ्यात पाठ म्हणवून घेतलं. म्हणताना त्याने मान हलवली. मी म्हणालो, इथे मान हलवायची नाही, नुसतं म्हणायचं. तो म्हणाला, सवय लागली.

९ फेब्रुवारी

हे लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो, कारण गावात उद्यापर्यंत दहा गोष्टी तयार होतील आणि कुठेतरी खरी राहिली पाहिजे.

सभा शाळेच्या खोलीत होती. पौडहून एक साहेब अध्यक्ष म्हणून आले होते. सहाजण वेळेवर हजर. चिंधूचा पत्ता नाही. आमची जाफराबादी म्हैस सकाळपासून अडली होती, म्हणून मीच त्याला गोठ्यात ठेवून आलो होतो. पारडू बाहेर आलं की लगेच ये, असं बजावून. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही. साहेब घड्याळ बघायला लागले. भिवाजी मिशीतल्या मिशीत हसत होता. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. मधली, टेबलामागची, साहेबांच्या शेजारची तेवढी मोकळी होती. ती सरपंचाची. मी तिच्याकडे बघत नव्हतो, पण ती दिसत होती.

आणि दारात चिंधू आला. कडक टोपी, जाकीट, हात नुकतेच धुतलेले. मागे जर्नेल.

मी उठलो.

मी का उठलो ते मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. ऑगस्टपासून रोज उठतो आहे. पाय आपोआप दोन पावलं पुढे गेले, कमरेत वाकलो आणि तोंडातून निघालं, "या साहेब, बसा."

माझी दोन माणसं मी उठलो म्हणून उठली. बाकीचे सगळे उठले म्हणून भिवाजीचे उठले. चिंधूने खोलीभर बघितलं. मोकळी खुर्ची एकच होती. तो तिच्यात बसला आणि जर्नेल टेबलाखाली त्याच्या पायाशी पसरला.

साहेबांनी कागदावरून मान वर केली, मधल्या खुर्चीकडे बघितलं आणि विचारलं, यांचं नाव कुणी सुचवलं?

भिवाजी उभाच होता. त्याचं डोकं माझ्यापेक्षा चपळ चालतं, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो. तो म्हणाला, "जयसिंगरावांनी सुचवलं. समद्यांच्या देखत. माजं अनुमोदन हाय."

साहेबांनी विचारलं, दुसरं कुठलं नाव? कुणाची हरकत?

मला हरकत होती. मला ओरडून सांगायचं होतं की हा गडी आहे, हे कुत्र्यासाठी होतं, नाव माझं सुचवायचं आहे, याला पाठ करून दिलंय, विचारा त्याला. शब्द ओठापर्यंत आले होते. पण साहेब बसलेले असताना मी उभं राहायचं आणि मध्ये बोलायचं नाही, ही शिस्त मीच घालून घेतली होती. मी चिंधूकडे बघितलं. वाटलं, हा तरी बोलेल. तोही माझ्याकडेच बघत होता. मग त्याने मान हलवली.

बिनविरोध झालं.

बाहेर आल्यावर वाडीच्या माणसांनी गुलाल उधळला. माझ्याही कपाळाला लावला. कोंडीबाने माझे हात धरले आणि म्हणाला, "मालक, तुमचं लई उपकार. मानसाला मानूस म्हनून खुर्ची दिली तुमी. आसं कुनी केलं न्हाई आजवर." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला जांभळीवर चढवला होता.

चिंधू गर्दीतून माझ्यापाशी आला. म्हणाला, "मालक, रेडी झाली. चांगली हाय. म्हैस चाटतीया तिला."



१० फेब्रुवारी

रात्रभर पक्कं ठरवलं होतं की आजपासून शिकवणी बंद. टोपी परत घ्यायची, खुर्ची आत ठेवायची, जर्नेलला साखळीने बांधायचं. सरपंच असला तर पंचायतीत. माझ्या अंगणात तो गडीच. यायचा असेल तर येईल, नाहीतर सोडून जाईल, दुसरा गडी मिळतो. सगुणालाही तसं सांगितलं. ती चुलीवरचं आधण बघत राहिली.

सकाळी मी ओसरीवर खुर्चीत बसलो होतो. चिंधू येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो आपल्या वेळेला आला. टोपी नाही, जाकीट नाही. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात चिकासाठी रिकामी चरवी. गोठ्यात म्हैस आणि रेडी बघायला चालला होता. टोपी नव्हती तरी जर्नेल शेपूट हलवत उठला आणि त्याच्या पायांत घोटाळत राहिला. कुत्र्याला टोपीचं काहीच नव्हतं. त्याला चिंधू माहीत होता, बस. एवढे महिने मी कुणाला काय शिकवत होतो?

हा विचार करत असतानाच माझ्या लक्षात आलं की मी उभा आहे. खुर्ची मागे सरकली होती. हात जोडायला वर आले होते. सगुणा दारात उभी होती आणि या खेपेला हसत नव्हती. मला रडायला आलं असतं तर बरं झालं असतं.

चिंधू थांबला. माझ्याकडे बघून त्याला कसंतरी झालं असावं, कारण त्याने मान खाली घातली. मग हळूच, म्हशीला चुचकारताना बोलतो त्या आवाजात म्हणाला, "बसा मालक."

मी बसलो.